मुलं मीम बघून हसतात, पण नेमकं काय बिघडलं ते त्यांना आपल्या भाषेत कसं सांगू?

कोपा_मॅडम, लातूर जिल्हा

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये कोपा ट्रेड, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंटचा कोर्स शिकवते. वर्षभराचा कोर्स, चोवीस मुलं-मुली, बहुतेक सगळी आसपासच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीनं येणारी. प्रश्न लांबलाय, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही.

माझ्या वर्गात कॉम्प्युटरच्या जगातली बातमी पेपरातून येत नाही. ती आधी विनोद होऊन येते. कुठंतरी काहीतरी कोसळतं, तासाभरात त्याचे मीम निघतात, आणि डब्याच्या सुट्टीत तडा गेलेल्या काचेचा एखादा मोबाइल बाकाबाकावरून फिरायला लागतो. मला ते हसणं आवडतं. मुलं हसतात म्हणजे त्यांचं लक्ष तिथं असतं. पण हसून झालं की बातमीही संपते, आणि ते मला सहन होत नाही.

19 जुलै 2024 चं सांगते. शुक्रवार होता. आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते, दोन पोरं पंढरपूरहून येऊन तशीच वर्गात बसली होती. त्या सकाळी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळं जगभरात विंडोजच्या सुमारे 85 लाख मशिनी पडदा निळा होऊन बंद पडल्या. विमानं अडकली, दवाखान्यांची कामं थांबली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या पासाचा फोटो माझ्या वर्गात पोचला तेव्हा जो हशा झाला, तो शेजारच्या फिटर ट्रेडपर्यंत ऐकू गेला असेल. "मॅडम, इमानाचं तिकीट पेनानं लिहायलेत!"

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "पण झालं काय मॅडम? सर्व्हर डाऊन झाला का?"

मी म्हणाले, "हो, तसंच काहीसं."

ते उत्तर मला आजही टोचतं. कारण तसं झालंच नव्हतं. सर्व्हर, म्हणजे दूर कुठंतरी बसून सगळ्यांना माहिती पुरवणारा कॉम्प्युटर, जागेवर होता. प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या टेबलावर, आपापला पडला होता. पण तिला 'तसंच काहीसं' म्हणून मी गप्प केलं, कारण खरं काय झालं ते तिला कळेल अशा शब्दांत माझ्याकडं नव्हतं.

आपल्याकडं 'सर्व्हर डाऊन' हा शब्द कसा झालाय, तुम्हाला माहीत आहे. पीक विम्याच्या दिवसांत सेवा केंद्राच्या दारात रांग, दाराला वहीचं पान चिकटवलेलं: सर्व्हर डाऊन आहे. माझ्यासमोर एका म्हाताऱ्या बाबांनी पोराला विचारलं होतं, "कवा येईल मंग सर्व्हर?" पाऊस कवा येईल विचारावं तसं. पोरगं म्हणालं, सांगता येत नाही. बाबा झाडाखाली जाऊन बसले. लाईट गेली, बोअर आटला, सर्व्हर डाऊन झाला, सगळं एका माळेत. कुणाचा सर्व्हर, कुठं आहे, कशानं पडला, कुणीच विचारत नाही. इतरांनी नाही विचारलं तर एकवेळ चालेल. पण माझी मुलं उद्या त्याच केंद्रांत खुर्चीवर बसणार आहेत. दाराला पान चिकटवण्याआधी त्यांनी तरी विचारावं, असं मला फार वाटतं.

एक गोष्ट मात्र फार सुंदर जमली, ती सांगते म्हणजे मला काय हवंय ते कळेल. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली होती. फाइल दाबून लहान करण्याचं साधं काम करणारा हा प्रोग्रॅम, पण विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य मशिनींत बसलेला. 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्या कामात मदत करत राहिलं, एकट्यानं प्रकल्प सांभाळून थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला, आणि मग आत चोरवाट बसवली. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दुसरंच काही मोजताना दिसलं, की एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशिनीत सुरक्षितपणे शिरायच्या वाटेनं, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढंच. त्यानं ते सोडून दिलं नाही. मागं लागला, आणि 29 मार्चला सगळ्या जगाला सांगितलं. 'अर्ध्या सेकंदानं जग वाचलं' असे मीम तेव्हा बक्कळ निघाले.

मी हे सांगत होते तर अहमदपूरकडचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "आमचे अण्णा बी असंच करतेत मॅडम. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करून तिथंच झोपतेत. मोटार चालू हाय तवर गाढ झोप. पाणी तुटून आवाज हलका पडला की खडबडून उठतेत."

वर्ग शांत झाला. सगळ्यांच्या घरी तो आवाज आहे. मोटार बंद पडल्यावर तर कुणालाही कळतं. ती चालू असतानाच तिचा आवाज बदललाय हे ज्याला कळतं, तो खरा. फ्रॉइंडनं काय केलं ते त्या दिवशी चोवीसच्या चोवीस जणांना कळलं, आणि आता प्रॅक्टिकलला मशीन हळू चाललं की एकमेकांना म्हणतात, "आवाज बदललाय बग."

मला असं हवंय. आणि दोन ठिकाणी मी अडलेय.

एक म्हणजे वर सांगितलेलं क्राउडस्ट्राइक. दुसरं 2025 च्या दिवाळीतलं. 20 ऑक्टोबर, नरक चतुर्दशीचा दिवस. आमच्याकडं त्या वर्षी दिवाळी नावालाच होती, सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलेलं. दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला ॲमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे इतर कंपन्यांना भाड्यानं मिळणाऱ्या कॉम्प्युटरांचा, अमेरिकेत व्हर्जिनियातला विभाग कोलमडला. स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स असं बरंच काही बंद. आणि सगळ्यात जास्त मीम कशावर? गादीवर. इंटरनेटला जोडलेली महागडी गादी असते म्हणे, गार-गरम होणारी, वरखाली होणारी. क्लाउड बंद पडल्यावर काहींची गादी तापलेलीच राहिली, काहींची अर्धी उचललेलीच अडकली. मी हे घरी वाचून दाखवलं तर माझ्या सासूबाई डोळ्याला पाणी येईस्तोवर हसल्या. "गादीला बी सर्व्हर लागतो व्हय? आपली बाज बरी माय. सुतळी सैल झाली तर आपुन ताणावी."

सुट्टीनंतर वर्गात मी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, शिकवायला घेतलं, कारण बिघाड तिथंच झाला होता. पुस्तकात दृष्टांत आहे टेलिफोन डिरेक्टरीचा: नाव शोधा, नंबर मिळेल. माझ्या मुलांनी टेलिफोन डिरेक्टरी बघितलेलीच नाही. जन्म 2007-08 चा. मग मोबाइलमधली कॉन्टॅक्ट लिस्ट सांगितली, तर एकानं बरोबर पकडलं: "पण मॅडम, ती आपोआप कशी पुसंल?" तिथंच गाडी अडली. कारण झालं ते असं. ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या डायनामोडीबी नावाच्या, माहिती साठवणाऱ्या सेवेचा पत्ता सतत बदलता ठेवावा लागतो. एक प्रोग्रॅम नवीन पत्त्यांचा आराखडा बनवतो, आणि तो लावायचं काम दुसरे प्रोग्रॅम करतात, एकमेकांना न विचारता. त्यातला एक रेंगाळला. तोवर दुसऱ्यानं नवा आराखडा लावला. मग रेंगाळलेल्यानं आपला जुना आराखडा नव्यावर चढवला. तेवढ्यात दुसऱ्याची साफसफाई सुरू झाली, त्यानं 'हा फार जुना' म्हणून तो काढून टाकला. पत्त्याची जागा कोरी. सेवा चालू, मशिनी चालू, आणि तिथं जायचं कसं हे कुणालाच माहीत नाही.

हे खेड्यातल्या अठरा वर्षांच्या मुलांना दिसेल असं कशात दाखवू? तुम्ही जे काम करता, त्यातलं काही सुचतंय का?

फलाट_नंबर_तीन

मॅडम, नमस्कार. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, पण तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हटलं, अरे, हे तर आपलं स्टँड आहे.

बघा, पटतं का. स्टँडवर फळा आहे: कोणती गाडी कोणत्या फलाटावर. सणाचे दिवस, जादा गाड्या, फलाट घडीघडी बदलतात. आत साहेब बसून तक्ता तयार करतात. दोन शिपाई आहेत, ज्याच्या हाती तक्ता पडेल त्यानं जाऊन फळ्यावर चिकटवायचा. पहिला शिपाई दहाचा तक्ता घेऊन निघाला आणि वाटेत कुणीतरी गाठलं म्हणून थांबला. तेवढ्यात दुसऱ्यानं अकराचा तक्ता आणून लावला. आता पहिला आला, त्याच्या हातात दहाचा. त्यानं निघताना फळा बघितला होता, तेव्हा त्याचाच तक्ता नवा होता, म्हणून त्यानं आता पुन्हा बघितलंच नाही, अकराच्या जागी दहाचा लावून मोकळा. इकडं दुसरा शिपाई जुने कागद गोळा करायला लागला. त्यानं वेळ वाचली, 'दहाचा? हा तर शिळा', टराटरा काढला आणि टोपलीत टाकला. फळा कोरा.

गाड्या सगळ्या उभ्या आहेत. डिझेल भरलंय, चालक-वाहक बसलेत. लातूर, अंबाजोगाई, परळी, नांदेड, एकही गाडी बिघडलेली नाही. आणि स्टँडवर हजार माणसं पिशव्या घेऊन इकडून तिकडं पळताहेत. दोघांपैकी एकाही शिपायाची चूक नाही, दोघांनी आपापलं काम चोख केलं. चूक ही, की लावायच्या क्षणी फळ्यावर काय आहे ते पुन्हा बघायचा नियमच नव्हता.

आणखी एक सांगतो, फळा परत लावला म्हणजे संपलं असं नसतं. गर्दी फुटायला वेळ लागतो. सगळे एकदम खिडकीवर येतात, एकदम गाडीला झोंबतात, आणि त्या रेट्यानं चांगली चाललेली गाडीही सुटत नाही. तुमच्या त्या अमेरिकेच्या प्रकारात असं काही झालं होतं का, सांगा.

आणि त्या पेनानं लिहिलेल्या पासाबद्दल. तो फोटो मीही बघितला होता, पण मला हसू आलं नाही, कौतुक वाटलं. तिकिटाचं मशीन आलं तरी आमच्या वाहकाला जुन्या कागदी तिकिटांचा ट्रे सांभाळावा लागायचा. घाटात, पावसात मशीन बंद पडलं की ट्रे उघडायचा, तिकीट फाडायचं, चिमट्यानं टिचकी मारायची, गाडी थांबवायची नाही. त्या विमानतळावर कुणाला तरी अजून हातानं पास लिहिता येत होता, कोणत्या रकान्यात काय येतं ते पाठ होतं, म्हणून माणसं घरी पोचली.

रातपाळी

ताई, मी मूळचा वसमतचा, सध्या पुण्यात. मोठ्या नेटवर्कची देखभाल करतो, नाव लिहीत नाही. 19 जुलैला मी ड्यूटीवर होतो, त्यामुळं क्राउडस्ट्राइकचं मी सांगतो.

आपल्या वेळेनं सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी ती अपडेटची फाइल सुटली, 10:57 ला कंपनीनं मागं घेतली. 78 मिनिटं. पण ज्यांनी ती घेतली होती, त्या मशिनी पुन्हा चालू केल्या की पुन्हा पडत होत्या. दुरुस्तीचा संदेश पोचणार कुणाला? पोचायला मशीन उभं तर राहिलं पाहिजे. म्हणून एकेका मशिनीपाशी जाऊन सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज जेमतेम गरजेपुरतं चालू करून, ती फाइल हातानं पुसावी लागली. हार्डडिस्कला कुलूप असलेल्या मशिनींना तर आधी 48 आकडी किल्ली टाकायची. मी त्या दिवशी फोनवर त्या किल्ल्या वाचून दाखवत होतो. पलीकडं नाशिकच्या शाखेतला एक क्लार्क, त्याला म्हणायचो, "सहा-सहा आकडे सांगतो, लिहून घ्या." आठ वेळा सहा. तो परत वाचायचा, एखादा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. रात्री साडेदहापर्यंत हेच करत होतो. त्या क्लार्कचा चेहरा मी बघितलेला नाही, पण आवाज आज कुठंही ओळखेन. शेवटचं मशीन उभं राहिलं तेव्हा तो म्हणाला, "झालं बघा भाऊ, रांगोळी आली," म्हणजे विंडोजचं चित्र.

आता तुमचा दृष्टांत. पंगतीचा घ्या. वाढप्याच्या हातात यादी आहे, तिच्यात एकवीस पानं लिहिली आहेत. मांडलेली आहेत वीस. इतके दिवस निभावलं, कारण एकविसाव्यासमोर लिहिलेलं असायचं 'काही बघायचं नाही'. त्या दिवशी नवीन यादी आली, तिच्यात एकविसाव्या पानावर काय आहे तेही बघा असं होतं. वाढपी विसापर्यंत नीट गेला आणि एकविसाव्यासाठी पाय पुढं टाकला. तिथं पान नाही, मांडवच संपलेला, पुढं उघडा आड. हे अगदी असंच घडलंय ताई. त्यांच्या साच्यात 21 रकाने सांगितले होते, प्रोग्रॅम 20 च पुरवत होता. आणि यादी तपासणारा जो प्रोग्रॅम होता, त्यालाही एकवीसच बरोबर वाटत होते.

मुलं विचारतील, एक वाढपी पडला तर अख्खं लग्न कामून थांबलं? कारण तो नुसता वाढपी नव्हता. सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतं, तिथं चुलीपाशी आचाऱ्याच्या बरोबरीनं. बाहेरच्या मांडवात कुणी धडपडला तर त्याला उचलून बाजूला करता येतं, तुमचा ब्राउझर बंद पडतो तसं. चुलीपाशी कुणी धडपडला तर आधी जाळ विझवतात, मग बाकीचं. निळा पडदा म्हणजे विंडोजनं जाळ विझवला. पुढं जाऊन तुमच्या फाइली खराब होऊ नयेत म्हणून ते स्वतःच थांबलं.

एक विनंती. मुलांना सांगा की नवीन यादी एकदम सगळ्या गावाला द्यायची नसते. आधी एका मांडवात द्या, तासभर बघा, मग पुढच्या.

चहा_नंतर_बोलू, उदगीर

छोटंसं. 18 नोव्हेंबर 2025 ला क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य साइटींच्या पुढं बसून त्यांची ये-जा सांभाळणारी कंपनी, पडलं, संध्याकाळी पाचच्या आत-बाहेर, ते पण घ्या. एक्स बंद, चॅटजीपीटी बंद, आणि कोण बंद आहे ते सांगणारी डाउनडिटेक्टर नावाची साइट, ती पण बंद. गावात लाईट गेली का विचारायला ज्याला फोन करावा त्याचाच मोबाइल बंद! याच्यावर आमच्या ग्रुपात दोन दिवस हसणं चाललं होतं.

कारण एकदम घरगुती आहे. डेटाबेसमधली परवानगी बदलली, त्यामुळं एका फाइलमध्ये ओळी दोनदा यायला लागल्या. लग्नाच्या यादीत मामांनीही नावं घातली आणि काकांनीही तीच घातली. आचारी सांगून बसलेला, एवढ्या पानांच्या वर माझी भांडी पुरत नाहीत. यादी फुगली आणि स्वयंपाक थांबला.

बीएस्सी_2023, नांदेड

मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

बंद पडलेल्या गादीवर हसा, फाइलवर हसा. पण सध्या जे मीम फिरतात त्यातले निम्मे माणसांवरचे असतात. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं सुमारे 12 हजार लोक कमी करणार असं सांगितलं, त्यांच्या एकूण माणसांच्या दोन टक्के. त्या संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पहिली बातमी नाही आली, पहिला विनोद आला. इंजिनिअर भजी तळतोय, असलं चित्र. मी कॉम्प्युटर सायन्स केलंय. एका कंपनीचं ऑफर लेटर होतं, जॉइनिंग पुढं ढकलत ढकलत शेवटी मेलचं उत्तर यायचंच बंद झालं. ते लेटर आईनं देवघरात ठेवलं होतं. अजून तिथंच आहे. गावात पारावर बसलेली माणसं मला बघून म्हणतात, "ह्याला एआयनं खाल्लं." ते हसतात, मी पुढं जातो.

भजी तळण्यात काही वाईट नाही, माझे चुलते तेच करतात आणि घर चालवतात. पण शिकलेल्या पोराचं काम जाणं यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. तुमच्या वर्गात असं मीम आलं तर तुम्ही काय करता?

कोपा_मॅडम, लातूर जिल्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं.

आधी नांदेडच्या भाऊंना. राग कशाला मानू, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. माझ्या वर्गात ते भज्यांचं चित्र आलं होतं, आणि तेव्हा मी काही बोलले नव्हते. परवा बोलले. तुमचं ते देवघरातलं लेटर मी नाव-गाव न सांगता मुलांना सांगितलं. एक मुलगा खाली बघायला लागला, नंतर येऊन म्हणाला, त्याचा भाऊ पुण्याहून परत आलाय, घरी कुणाला सांगितलेलं नाही. आता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय: मशीन पडलं तर हसा, माणूस पडला तर विचारा. तुमच्या नावानं लिहायला हवं होतं.

आणि एआयचं म्हणाल तर मी त्यांना जुलै 2025 चाच दुसरा किस्सा सांगते. रेप्लिट नावाच्या ठिकाणी एक उद्योजक एआयकडून प्रोग्रॅम लिहून घेत होते. आता काही बदलू नको, असं बजावलेलं असताना एआयनं चालू डेटाबेस पुसून टाकला. वर सांगितलं, परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात परत आणता आला. कंपनीच्या प्रमुखानं जाहीर माफी मागितली. यावरही खूप हसले लोक. मी मुलांना विचारलं, 'परत येणार नाही' असं मशीन म्हणालं तेव्हा कुणी तरी स्वतः जाऊन बघितलं म्हणून तो परत आला ना? ते बघणारं माणूस कोण असणार? त्यासाठीच तुम्ही इथं बसलात. भाऊ, तुमच्यासाठीही तेच. तुम्ही जे शिकलात ते वाया गेलेलं नाही. जवळपासच्या आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर निदेशकाच्या जागा निघतात, मी चौकशी करते. खरंच करते, मला मेसेज करा.

पंगतीचा प्रयोग सोमवारी केला. प्रयोगशाळेत वर्तमानपत्राची वीस पानं मांडली, एका मुलाच्या हातात एकवीसची यादी दिली. तो विसाव्यापर्यंत ऐटीत गेला आणि पुढं भिंत. थांबला, माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "मॅडम, एकविसावं तर नाहीच." मी म्हटलं, तू थांबून विचारलंस, त्या प्रोग्रॅमला थांबून विचारायला कुणी शिकवलं नव्हतं. मग पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वीस घटकांची यादी करून एकविसावा मागायला लावला. पडद्यावर लाल अक्षरांत एरर आली, आणि पहिल्यांदाच एरर बघून कुणी घाबरलं नाही. दोघी तर मोठ्यानं हसल्या. 19 जुलैला मला प्रश्न विचारणारी मुलगी तेव्हाच्या बॅचची. आता ती गावातल्या सेवा केंद्रात असते. तिला फोन करून सगळं सांगितलं, आणि म्हटलं, तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मला आठवत बी नव्हतं." पण पंधरा मिनिटं ऐकलं तिनं, आणि पंगतीवर खळखळून हसली.

उदगीरकर, लग्नाची यादी जशीच्या तशी वापरली. डुप्लिकेट ओळी कशा काढायच्या ते एक्सेलमध्ये त्याच तासाला घेतलं.

आणि काका, तुमचा फळा. काय सांगू. वर्गातल्या दोघांना शिपाई केलं, एकाला साहेब, बाकीचे प्रवासी. कोरा फळा झाला त्या क्षणी जो गोंधळ झाला, प्राचार्य बघायला आले. तुम्ही विचारलं होतं, गर्दीचं तिकडंही झालं का. झालं. पत्ता आपल्या वेळेनं तीनच्या सुमाराला परत आला, अडीच-पावणेतीन तासांत. पण साचलेली कामं एकदम अंगावर आली, नवीन मशिनी सुरू होईनात, आणि सगळं पूर्ववत व्हायला मध्यरात्र उलटून गेली. तुम्ही कॉम्प्युटरमधलं कळत नाही म्हणालात, पण हे तुम्ही न वाचता सांगितलंत.

एका मुलाचा प्रश्न आहे, मला उत्तर आलं नाही. तो म्हणतो, दोन शिपायांनी एकमेकांशी बोलायचं नसेल, तर प्रत्यक्ष स्टँडवर हे टाळायला तुम्ही काय करत होतात? आणि मुलांना तो ट्रे बघायचाय. चोवीसपैकी एकानंही बघितलेला नाही.

फलाट_नंबर_तीन

पोराला सांगा, तक्त्याच्या डोक्यावर क्रमांक टाकायचा. फळ्यावर बाराव्या क्रमांकाचा असेल आणि तुझ्या हातात अकरावा असेल, तर लावायचा नाही, फाडून टाकायचा. आणि फळ्यावर लागलेला कागद, कितीही शिळा असो, दुसरा हातात असल्याशिवाय काढायचा नाही.

ट्रे माझ्याकडं नाही, तो आगारात जमा करावा लागतो. पण एक जुना वाहक मित्र आहे अंबाजोगाईला, त्याच्याकडं चिमटा आहे आणि कोरी बाद तिकिटं आहेत थोडी. त्याला बोललोय. बुधवारी दोघं येतो, अकराच्या गाडीनं. आयटीआय स्टँडपासून किती लांब आहे ते तेवढं कळवा, त्याचे गुडघे दुखतात.